नाव ठेवणे आणि नावे ठेवणे : वऱ्हाडातील नामकरण व मताचा अधिकार

अमरावती आणि अकोला येथील दोन्ही विद्यापीठे व्यक्तींच्या नावांनी ओळखली जातात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे, अमरावतीच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे. यांतील दुसरे नाव कोणत्याही बारशात ठेवले गेलेले नाही. १८७६ साली शेंडगाव येथे झिंगराजी आणि सखुबाई यांच्या पोटी जो मुलगा जन्मला, त्याचे नाव डेबू. पुढे त्याच्या हातातल्या मातीच्या गाडग्यावरून लोकांनी त्याला गाडगेबाबा केले आणि तेच नाव महाराष्ट्राच्या तोंडी राहिले. यावलीला १९०९ साली जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे यांना गुरू अडकोजी महाराजांनी तुकड्या म्हटले, आणि माणिक मागे पडून तुकडोजी उरले. शेगावला १८७८ मध्ये दृष्टीस पडलेल्या अवलिया पुरुषाचे घरातले नाव काय होते, हे कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्या मुखातील जपावरून भक्तांनी त्यांना गजानन म्हटले, आणि त्यानंतर अकोला-बुलडाणा भागात गजानन नावाचे मूल नाही असे गाव शोधावे लागेल अशी स्थिती झाली. पाळण्यात ठेवलेले नाव आणि लोकांनी ठेवलेले नाव यांच्यातले हे अंतर वऱ्हाडाला परके नाही. नावाला समाजाची संमती लागते. ती संमती कोण देतो आणि कोणाकडे मागितलीच जात नाही, हा मात्र मराठीच्या अभ्यासकांनी फारसा न विचारलेला प्रश्न आहे.

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' या दोन क्रिया केवळ वचनाने वेगळ्या होतात. पहिलीचा अर्थ नामकरण, दुसरीचा अर्थ निंदा. महाविद्यालयांच्या अध्यापक-कक्षात आज या दुसऱ्या क्रियेला पहिलीपेक्षा अधिक उत्साह असतो. नव्या शैक्षणिक वर्षाचा हजेरीपट हाती आला की विद्यार्थ्यांच्या नावांवर विनोद सुरू होतात. कोणाचे नाव संस्कृत कोशात नसते, कोणाच्या नावात ज्ञ आणि क्ष यांची विनाकारण गर्दी असते, कोणाचे नाव आईच्या नावातील पहिले अक्षर आणि वडिलांच्या नावातील शेवटचे अक्षर जोडून तयार केलेले असते. पूर्वीची नावे कशी अर्थपूर्ण होती, पूर्वी घरातील वडीलधारी माणसे विचार करून नाव ठेवीत आणि आता आईबाप दहा जणांची मते मागवून शेवटी निरर्थक ध्वनी निवडतात, असा या विनोदाचा इत्यर्थ असतो. ही तक्रार सरसकट खोटी नाही. परंतु तिच्यामागे गृहीत धरलेला इतिहास खोटा आहे. पूर्वीही मतेच मागवली जात होती, फक्त मतदारयादी वेगळी होती.

ही यादी बारशाच्या विधीत स्पष्ट दिसते. बाळ पाळण्यात घालण्यापूर्वी दोन स्त्रिया त्याला पाळण्याच्या वरून व खालून एकमेकींच्या हाती देतात आणि देवांची नावे उच्चारतात. मग आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगते, आणि जमलेल्या बाया तिच्या पाठीवर धपाटे घालतात. तिला लुगड्याचा मान असतो. घुगऱ्या वाटल्या जातात. सारा समारंभ बायकांचा. पुरुष बाहेर बसलेले. पहिले बाळंतपण माहेरी होत असल्याने पुष्कळदा बारसेही आईच्या माहेरीच होते. एवढे पाहून कोणालाही वाटेल की नामकरण हा स्त्रियांचा अधिकार आहे. लोकसाहित्याच्या पुष्कळ पुस्तकांत तसे म्हटलेलेही असते. परंतु आत्या ही वडिलांची बहीण. ती सासरहून येते ती भावाच्या घराण्याची प्रतिनिधी म्हणून. जे नाव ती कानात सांगते, ते बहुधा तिच्या वडिलांनी, म्हणजे बाळाच्या आबाजींनी ठरवलेले असते. घर आईच्या माहेरचे, पाळणा तिच्या माहेरचा, घुगऱ्या तिच्या माहेरच्या. नाव तेवढे सासरचे. बाळाची आई या विधीत पाळण्याशेजारी पाटावर बसते, तिची ओटी भरली जाते, आणि नाव उच्चारण्याच्या क्षणी तिला काहीही काम नसते.

याहून तीव्र स्थिती ज्या घरात नातवाला आजोबाचे नाव देण्याची रीत होती त्या घरातली. आजोबा वारल्यावर जन्मलेल्या मुलात तेच परत आले असे मानून त्यांचे नाव ठेवणे, ही महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारी चाल. परंतु सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, हीही चालच. या दोन चालींच्या कात्रीत सापडलेली आई स्वतःच्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारू शकत नसे. मग बापू, बाबू, आबा, नाना, भाऊ अशी हाकेची नावे जन्माला येत. वऱ्हाडातील कितीतरी कर्ते पुरुष आयुष्यभर बापूसाहेब, नानासाहेब, भाऊसाहेब म्हणून वावरले. या प्रतिष्ठित नावांच्या तळाशी बहुतेक वेळा एखाद्या आईचे सक्तीचे मौन असण्याचा संभव आहे. उखाण्याचा अभ्यास मराठीत विपुल झाला. पतीचे नाव पद्यात गुंफून घेण्याच्या त्या युक्तीवर प्रबंधही लिहिले गेले. मुलाचे नाव न घेता त्याला हाक मारण्याची जी युक्ती रोज, दिवसातून वीस वेळा वापरली जात होती, तिच्याकडे मात्र भाषेच्या अभ्यासकांनी वळून पाहिले नाही. ती पद्यात नव्हती, हेच त्याचे कारण असावे.

मत मागण्याचे दुसरे स्थान ज्योतिषी. जन्मनक्षत्राच्या चरणावरून निघणारे अक्षर आणि त्या अक्षराचे 'नावरस' नाव ही पद्धत सर्वपरिचित आहे. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे एकशे आठ अक्षरस्थाने. हा अवकहडा चक्राचा हिशेब वरून फार नेटका दिसतो. तथापि आर्द्रेच्या चरणांत ङ येतो, हस्ताच्या चरणांत ण आणि ठ येतात, उत्तराभाद्रपदेत ञ येतो. ङ या अक्षराने सुरू होणारे नाव मराठीत नाही. अशा वेळी ज्योतिषी जवळचे दुसरे अक्षर काढून देतो. म्हणजे शास्त्राचेही मत अखेर तडजोडीचेच असते. शिवाय नावरस नाव पत्रिकेत राहते, पाळण्यातले वेगळे ठेवले जाते, हाकेचे तिसरेच असते, आणि शाळेत गुरुजी लिहितात ते चौथे. ज्याला आज 'एक माणूस, एक नाव' अशी स्वाभाविक गोष्ट समजतात, ती मुळात शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराने आणि सरकारी दप्तराने निर्माण केलेली आहे.

या दप्तराकडे अंमळ थांबून पाहावे लागते. लोकसमजुतीप्रमाणे जन्मानंतरच्या सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे भविष्य लिहून जाते. बारसे बाराव्या दिवशी. म्हणजे भविष्य लिहिले जाते तेव्हा बाळाला नाव नसते. सरकारी व्यवस्थाही योगायोगाने तशीच चालली. वऱ्हाडात आणि एकूणच जुन्या मध्यप्रांतात गावच्या कोतवालाच्या बुकात जन्माच्या नोंदी होत. त्यांत बापाचे नाव, जात, तारीख असे. आणि बाळाच्या जागी पुष्कळदा नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी'. आज जातवैधतेसाठी या बुकांच्या नकला काढायला लोक तहसील कचेरीत रांगा लावतात, तेव्हा आजोबा कोणते आणि आजोबांचे भाऊ कोणते हे ठरवता ठरवता त्यांची पुरेवाट होते. कागदावर 'मुलगा' आहे, शाळेच्या दाखल्यावर 'सुखदेव' आहे, सातबारावर 'सुका' आहे. हे तिघे एकच, हे सिद्ध करण्याचा भार नातवावर. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमातही बाळाच्या नावाशिवाय जन्माची नोंद करण्याची आणि नाव मागाहून भरण्याची मुभा कलम १४ मध्ये आहे. ती मुभा बारशाच्या चालीशी सुसंगत आहे हे खरे. पण ज्यांचे नाव मागाहून कोणी भरलेच नाही, त्यांच्यासाठी ती मुभा उरली नाही. नावाचा प्रश्न केवळ रुचीचा नसून शिष्यवृत्तीचा, जमिनीच्या हिश्श्याचा आणि नोकरीचाही आहे, ही गोष्ट अध्यापक-कक्षातील विनोदाला माहीत नसते असे नाही. ती तिथे आठवत नाही.

जुनी नावे अर्थपूर्ण होती, हा या तक्रारीचा दुसरा भाग. ती होती, यात शंका नाही. धोंडू, दगडू, कचरू, भिका, फकीरा, आणि वऱ्हाडात विशेष आढळणारे उकंडा ही सर्व नावे अत्यंत अर्थपूर्ण आहेत. उकंडा म्हणजे उकिरडा. मुले जगत नसली की मृत्यूची नजर चुकवण्यासाठी नवजात मुलाला असे टाकाऊ नाव द्यायचे, ही समजूत. हे संरक्षक नामकरण सर्व जातींत होते. महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो होते, हे उदाहरण पुरेसे आहे. परंतु इथेच एक भेद करावा लागतो. एकाच्या बाबतीत धोंडूचे धोंडोपंत होतात, दुसऱ्याच्या बाबतीत धोंडूचा धोंड्या होतो आणि मरेपर्यंत धोंड्याच राहतो. उकंडाचा एका घरात उकंडराव होतो, दुसऱ्या घरात तो उकंड्याच. मूळ नाव एकच. जात बोलते ती नावात नव्हे, नावाच्या शेपटीत. पंत, राव, जी, बुवा आणि दुसऱ्या टोकाला नुसता 'या' हा प्रत्यय. स्त्रियांच्या बाबतीत बाई, ताई आणि दुसऱ्या टोकाला येसी, गंगी यांतली ई. मराठी व्याकरणात या प्रत्ययांना लघुत्वदर्शक, आदरार्थी अशी निरुपद्रवी नावे आहेत. गावाच्या चावडीवर ते निरुपद्रवी नव्हते. मनुस्मृतीने दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे असा दंडक घातला आहे. वऱ्हाडी खेड्याने मनुस्मृती वाचली नव्हती. हाक मारण्याच्या पद्धतीतून त्याने तेच साधले.

नावाला आदरार्थी प्रत्यय जोडण्याची ही रीत वऱ्हाडात किती जुनी आहे, हे लीळाचरित्रावरून समजते. महदाइसा, आबाइसा, उमाइसा, देमाइसा ही स्त्रीनामे पाहावीत. महदंबेचे धवळे विद्यार्थी अभ्यासक्रमात वाचतात, परंतु तिच्या नावातल्या 'आइसा'कडे व्युत्पत्तीच्या टिपेपलीकडे लक्ष जात नाही. ज्या काळात स्त्रीचे नाव लिहून ठेवण्याचेच कारण क्वचित घडत होते, त्या काळात एका पंथाने आपल्या अनुयायी स्त्रियांची नावे आदरासह, एकेक करून, प्रसंगांसह नोंदली. चक्रधरांना ते नाव रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंकडून मिळाले, असे पंथ मानतो. म्हणजे मराठी गद्याच्या आरंभीच, आणि तेही अमरावती जिल्ह्याच्या भूमीवर, नाव देणे ही जन्माशी नव्हे तर ज्ञानाशी जोडलेली घटना म्हणून दिसते. हा धागा पुढे तुकडोजींपर्यंत येतो. शोधनिबंधासाठी विषय नाही, अशी तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी या एका धाग्याचा विचार करण्यास हरकत नाही.

नावावर झालेल्या अन्यायाला मराठी साहित्याने दिलेले सर्वांत थेट उत्तर दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) आहे. त्या आत्मकथनाची मांडणीच दोन नावांच्या भेटीवर उभी आहे. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एक, नावे दोन, आणि दोन्हींच्या मध्ये शिक्षण, शहर, लेखन आणि लाज. समीक्षेने या रचनेला निवेदनतंत्र म्हटले. त्या तंत्राखाली एक सामाजिक वस्तुस्थिती आहे, आणि ती हजारो माणसांच्या शाळेच्या दाखल्यावर नोंदलेली आहे.

या वस्तुस्थितीला सामूहिक उत्तर मिळाले ते १४ ऑक्टोबर १९५६ नंतर. नागपूरच्या धम्मदीक्षेचा परिणाम वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत ज्या अनेक गोष्टींवर झाला, त्यांत बारसे ही एक ठळक गोष्ट. गौतम, सिद्धार्थ, राहुल, आनंद, अशोक, मिलिंद, सुजाता, विशाखा, संघमित्रा, यशोधरा, प्रज्ञा ही नावे एका पिढीत घरोघर आली. डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाला (१९४६) आणि तत्कालीन औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाला दिलेली नावे या बदलाची पूर्वसूचना होती. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ही नावे केवळ धार्मिक निष्ठेने निवडलेली नव्हती. गावाच्या जिभेवर त्यांचा अपभ्रंश तयार नव्हता. धोंडूचा धोंड्या करायला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती. संघमित्रेचे काय करावे, हे पाटलाला सुचण्यापूर्वीच ती मुलगी शाळेत गेली होती. नव्या नावाने जुनी हाक अडवली. अशा नामकरणात मते कोणाची घेतली गेली? ना आत्याची, ना ज्योतिष्याची. वस्तीतील शिकलेला तरुण, समाजमंदिरातील कार्यकर्ता, हाती आलेले बुद्धचरित्राचे पुस्तक ही त्या बारशाची पंचायत होती. वऱ्हाडातील नामकरणाच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा मताधिकार-विस्तार होय, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पुढे राहुल, सिद्धार्थ, गौतम ही नावे सर्व जातींत रुळली आणि नावावरून जात ओळखण्याचे काम आडनावाकडे गेले. ते तिथून अजून कुठे गेलेले नाही.

(मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न १९७८ पासून १९९४ पर्यंत पेटता राहिला आणि अखेर दोन्ही नावे जोडून तो मिटवण्यात आला, याची आठवण येथे अप्रस्तुत नाही. नावाने काय होते, असे विचारणाऱ्यांनी तो काळ पाहिला होता.)

मुलींच्या नावांचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीची नायिका कौतिक. वऱ्हाडी बोलीतील या श्रेष्ठ कादंबरीवर महाविद्यालयांतून प्रतिवर्षी व्याख्याने होतात. तिची सोशिकता, तिचा झगडा, महादेवचा नाकर्तेपणा यांविषयी लिहिले जाते. तिच्या नावाविषयी कोणी बोलत नाही. कौतिक म्हणजे कौतुक. हे नाव असे की त्याला राव लावला तर ते पुरुषाचे, बाई लावली तर स्त्रीचे. जिच्या वाट्याला आयुष्यात कौतुकाचा एक क्षण येत नाही, तिचे नाव कौतिक ठेवणे हा लेखकाचा उपरोध आहे, असे मानण्याचा मोह होतो. पण तो आवरावा. ते नाव त्या परिसरातले प्रत्यक्षातले नाव आहे. कोणा मायबापांना मुलगी झाल्याचे कौतुक वाटले होते, एवढीच त्यातली नोंद. त्या नोंदीचे पुढे काय झाले, हे कादंबरी सांगते. दुसऱ्या टोकाला 'नकोशी' आहे. साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये दोनशेहून अधिक नकुशांची नावे जाहीर समारंभात बदलण्यात आली. त्या मुलींना नवी नावे कोणती हवीत, हे विचारण्यात आले, आणि कित्येकींनी सिनेतारकांची नावे निवडली. त्यावरही नावे ठेवणारे निघालेच. परंतु एखाद्या मुलीला स्वतःच्या नावाबद्दल मत विचारले जाणे ही गोष्टच इतकी दुर्मीळ की तिने काय निवडले, याची चिकित्सा करण्यास थोडा विलंब लावणे शोभले असते. विवाहात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने लिहिले जाणारे नवे नाव तरी कोणाच्या मताने ठरते? पतीच्या नावाशी जुळणारे, सासरच्या आवडीचे. जी मुलगी बारशात बोलू शकत नव्हती, ती विवाहाच्या वेळी बोलू शकत होती. विचारले कोणी नाही. १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिणाऱ्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे विवाहानंतरही शिंदेच राहिल्या, ही गोष्ट त्यांच्या ग्रंथाइतकीच बोलकी म्हणावी लागेल.

एवढ्या पार्श्वभूमीवर आजच्या नावशोधाकडे पाहावे. अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर वाढणाऱ्या तरुण जोडप्याचे मूल पाच-सहा महिन्यांत जन्माला येणार असते. एस. टी. स्थानकावर मिळणारी मुलामुलींच्या नावांची पुस्तिका घरात येते. मामा एक नाव सुचवतो, मावशी दुसरे. नोकरीच्या ठिकाणच्या मैत्रिणींना विचारले जाते. नाव आडनावाशी कसे लागते, हे मोठ्याने उच्चारून पाहिले जाते. मोठ्या भावंडाच्या नावाशी जुळते का, हेही पाहिले जाते. ही जोडीची हौस मुळीच नवी नाही, राम-लक्ष्मण आणि गंगा-यमुना या जोड्या खेड्यांत कायम होत्या. आणि सरतेशेवटी आईच्या नावातले एक अक्षर व बापाच्या नावातले एक अक्षर जोडून काही घडवले जाते, ज्याला कोशात अर्थ नसतो. येथे टीकाकार हसतो. मात्र या जुळणीत काय घडले, हे तो पाहत नाही. वऱ्हाडी नावाच्या रचनेत आईचे अक्षर प्रथमच आले. पूर्वी स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव अशी त्रिपदी. तीत आईला जागा नव्हती. ती जागा एका आईने नावाच्या पहिल्याच पदात, एका अक्षरापुरती का होईना, मिळवली. अर्थ नाही म्हणून जे नाव हास्यास्पद ठरते, त्याचा अर्थ शब्दकोशात नसून त्या घरातील व्यवहारात आहे.

अर्थात यामुळे सर्व नवी नावे स्तुत्य ठरत नाहीत. आरव, विहान, अद्विक, शिवांश यांसारखी नावे दिल्लीपासून बंगळूरपर्यंत एकसारखी आहेत. त्यांतून वऱ्हाड दिसत नाही. सोमा, बुधाजी, मंगळू यांत जन्मवार होता, धुरपता आणि येसोदेत द्रौपदी-यशोदा वऱ्हाडी उच्चारात मुरलेल्या होत्या, जानराव, गुलाबराव, दौलतराव, साहेबराव यांत फारसी शब्द मराठी प्रत्ययासह कुणबी घरात सुखाने नांदत होते. निजामी अंमलाखालील वऱ्हाडाच्या कित्येक पिढ्यांचा सहवास त्या एका 'गुलाबरावा'त साठवलेला आहे. गुलाबराव महाराजांसारख्या वेदान्ती, मधुराद्वैती पुरुषाच्या नावातला पहिला शब्द फारसी आहे, हे आज कोणाला टोचत नाही. उद्या टोचू लागेल अशी भीती आहे. शुद्ध संस्कृत वाटणाऱ्या नावांच्या हव्यासात हा मिश्र वारसा अडाणीपणाचा ठरवून टाकला जात आहे, आणि त्यात नव्या मध्यमवर्गाच्या सर्व जातींचा समान वाटा आहे. हानी अर्थहीन नावांमुळे होत नाही. ती एकसारख्या नावांमुळे होते. आणि जुनी नावे कोणी परत ठेवावीत, असा आग्रह धरण्यातही अर्थ नाही. उकंडा हे नाव संपले, हे चांगलेच झाले. ते नोंदले न जाता संपू नये, एवढेच.

ही नोंद करण्याचे काम कोणाचे, याचे उत्तर सोपे आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी स्थलनामे, आडनावे, व्यक्तिनामे यांना इतिहासाचे साधन मानले. त्यांच्यानंतर स्थलनामांना थोडेफार अभ्यासक मिळाले, व्यक्तिनामे मात्र निराधार राहिली. वऱ्हाडी बोलीवरील प्रबंधांत म्हणी असतात, शिव्या असतात, कृषिशब्द असतात, ओव्या असतात. माणसांची नावे नसतात. जणू ती भाषेचा भाग नाहीत. जिल्हा परिषदेच्या शंभर-शंभर वर्षांच्या शाळांत दाखल-खारीज रजिस्टरे आहेत. त्यांची पाने आता कडांना झडू लागली आहेत. एकेका महाविद्यालयाने आपल्या गावच्या एकेका शाळेचे रजिस्टर घेऊन दशकवार नावे उतरवली, व्यक्तींची ओळख उघड न करता केवळ नाव, वर्ष आणि मुलगा-मुलगी एवढे जरी टिपले, तरी एका पिढीत नाव कसे बदलले, प्रत्यय कधी गळाले, बौद्ध नावे कोणत्या गावात कोणत्या वर्षी प्रथम आली, हे सारे आकड्यांनिशी दिसेल. आज याविषयी जे बोलले जाते, ते स्मरणावर आणि अंदाजावर. रिद्धपूर येथे मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले आहे. त्याने हाती घ्यावयाच्या कोशकार्यांत व्यक्तिनामांचा कोश अग्रक्रमाने असावा, अशी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

रिद्धपूरचे नाव या संदर्भात आणखी एका कारणाने येते. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा एक ताम्रपट तेथे सापडला आहे. पती द्वितीय रुद्रसेनाच्या निधनानंतर तिने राज्य चालवले. आपला पुत्र प्रवरसेन याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी दिलेल्या या दानपत्रात ती स्वतःची ओळख पित्याकडून, गुप्तकुलाकडून देते, गोत्रही पित्याचे सांगते, आणि पुत्रांची माता म्हणून आपला उल्लेख करते. म. म. मिराशींनी या लेखांचे साक्षेपाने संपादन केले आहे. नाशिकच्या लेण्यांतील गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र ही नावे तर शालेय पुस्तकांतही आहेत. अर्थात तो राजकुलांचा व्यवहार होता. त्यावरून सामान्य स्त्रीला नावाचा अधिकार होता, असे अनुमान काढणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही आईचे नाव नावात घालणे ही परकी किंवा अलीकडची कल्पना असल्याचा जो सूर अधूनमधून ऐकू येतो, त्याला हे दगडावर आणि तांब्यावर कोरलेले उत्तर आहे.

हा सूर २०२४ मध्ये विशेष ऐकू आला. महाराष्ट्र शासनाने त्या वर्षीच्या मार्चमध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय दस्तऐवजांत प्रथम बालकाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिले जावे. त्रिपदी नावाची चतुष्पदी झाली. नाव लांबते, रकान्यात मावत नाही, उच्चाराला अवघड जाते, असे आक्षेप आले. त्यांतला एकही आक्षेप वडिलांच्या नावाबद्दल इतक्या वर्षांत कधी आला नव्हता. परंतु या निर्णयात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आक्षेप घेणाऱ्यांना सुचलेला नाही. आईचे नाव म्हणजे कोणते? तिच्या आत्याने तिच्या कानात सांगितले ते, की तांदळाच्या ताटात लिहिले गेले ते? एकाच घरातल्या दोन जावांपैकी एकीचे नाव बदललेले असेल, दुसरीने बदलू दिले नसेल. जन्मदाखल्यावर एक, आधारपत्रावर दुसरे, माहेरच्या सातबारावर तिसरे असेल. त्या निर्णयानंतर जन्मलेली पहिली मुले २०३० च्या सुमारास पहिलीच्या वर्गात येतील. दर्यापूरच्या किंवा बार्शीटाकळीच्या शाळेत मुख्याध्यापक रजिस्टर उघडून आईच्या नावाचा रकाना भरायला घेतील, आणि समोर उभ्या असलेल्या बाईला विचारतील, "बाई, तुमचं कोणतं नाव लिहू?"